वरची फळी, खालची फळी

न्यू ऑर्लिन्स
९ जानेवारी

प्रिय ऑरेली,

आधी तुझ्या गुडघ्याचं सांग. नवा बसवून दोन वर्षं झाली. जिना चढू देतो का? हॅराल्डरावांच्या छातीत ते घड्याळासारखं यंत्र बसवलंय, ते वेळेवर चालतंय ना? डॉक्टरांनी किती वर्षांची खात्री दिली आहे? यंत्राची म्हणते मी. तुझ्या नणंदबाई, त्या इंग्रिड, गेल्या हिवाळ्यात बर्फावरून घसरल्या होत्या. त्या उठून हिंडायला लागल्या का? नील्सचं पित्त, सूनबाईंची अर्धशिशी आणि तुमचा तो आंधळा कुत्रा, एकेकाचं वेगवेगळं लिही. 'सगळे मजेत' अशी एका ओळीत बोळवण करू नकोस, नाताळच्या पत्रात केलीस तशी.

मी ठणठणीत आहे. एकोणऐंशी सरत आली तरी सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. मार्डी ग्राचा सण दोन महिन्यांवर आलाय. मिरवणुकीतल्या एका राणीच्या झग्याला चार हजार मणी टाचायचे आहेत आणि राणी दर आठवड्याला इंचभर रुंद होते आहे. मी शिवण उसवून सोडत चालले आहे, दुसरं काय करणार?

तू पाठवलेलं जहाजाचं चित्र पाहिलं. बाई गं, ते जहाज आहे की इस्पितळ? सोळा फेब्रुवारीला इथून निघून मेक्सिकोला जायचं, तेवीसला परत यायचं, आणि त्याच्या आधी दोन रात्री, नंतर एक रात्र 'न्यू ऑर्लिन्सला घालवायची', असं तू लिहितेस. घालवायची! ज्या गावात तुझे दुधाचे दात पडले तिथे तू आता रात्री घालवायला येणार, जहाजाची वाट बघत. असो. मी रागावलेली नाही. धक्क्याजवळचं ते हॉटेल मात्र आजच्या आज रद्द कर. मधल्या खोलीतला पलंग मी उन्हात काढलाय.

समोरच्या घरातले मिस्टर फझांड तुम्हाला आणायला विमानतळावर यायचं म्हणतात. तुला आठवत असतील. मावशीच्या वेळी कबरीचं तोंड विटा लावून बंद केलं ते त्यांनीच. गिलाव्याचं काम करायचे. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, पण ओळंबा लावल्यासारखे ताठ चालतात. सोमवारी माझ्याकडे तांबडा घेवडा-भात असतो, तेव्हा जेवायला येतात. शेजारी म्हणून.

येताना गरम कपडे आणू नकोस. मावशीच्या मृत्यूचा दाखला आणि तुझा जन्माचा दाखला तेवढा आण. सहज.

तुझी,
क्लोटिल्ड


डुलुथ, मिनेसोटा
१७ जानेवारी

प्रिय क्लोटिल्डताई,

बाहेर उणे सव्वीस आहे. पोस्टाची पेटी गोठली होती, हॅराल्डने केटलीभर गरम पाणी ओतलं तेव्हा तुझं पत्र निघालं.

गुडघा जिना चढू देतो, उतरताना हिशेब चुकता करतो. हॅराल्डचं यंत्र दहा वर्षांचं आहे, त्यातली तीन झाली. इंग्रिड हिंडते, आणि आमच्याच घरी हिंडते. नील्सला पित्त नाही, त्याला बायको आहे. तिची अर्धशिशी आम्ही गेलो की थांबते. कुत्रा नोव्हेंबरात गेला. झालं वेगवेगळं?

तुझं पत्र हॅराल्डने दोनदा वाचलं आणि विचारलं, "ही बाई आपली चौकशी करते आहे की माप घेते आहे?" मी हसले. मग मीही दोनदा वाचलं आणि हसू गेलं. ताई, आईच्या मृत्यूचा दाखला जहाजावर लागत नाही. तो लागतो फक्त कबरस्तानच्या ऑफिसात. मी इथे एक्कावन्न वर्षं राहिले म्हणून माझी अक्कल गोठलेली नाही.

तेव्हा आधीच सांगून ठेवते. आजोबांनी बांधलेल्या कबरीत फळ्या दोन. वरच्या फळीवर शेवटचा गेला तो तुझा भाऊ ल्यूसिएन, खालच्या फळीवर माझी आई. खालची फळी आईनंतर माझी, हे तिने स्वतः मला सांगितलंय. इतकी वर्षं मी इथे फावड्याने बर्फ उपसते आहे, ती शेवटी एकदा तिथल्या उबेत पडायला मिळेल म्हणून. त्या फळीवर तुझा डोळा असेल तर तसं म्हण. आणि तुला काही झालं असेल तर तेही म्हण. इथे लोक 'मला कर्करोग झालाय, मीठ दे' असं एका दमात सांगतात. मला तशीच सवय झाली आहे.

हॉटेल रद्द केलं. दाखले आणते.

तुझी,
ऑरेली


न्यू ऑर्लिन्स
२५ जानेवारी

प्रिय ऑरेली,

छे गं! मला काय धाड भरली आहे? कुत्र्याचं ऐकून वाईट वाटलं. हॅराल्डरावांना म्हणावं, मी माप घेते ते फक्त कंबरेचं.

फळीची गोष्ट तू काढलीस म्हणून बोलते, मी काढली नव्हती. इथला नियम तू विसरली नसशील. ज्या फळीवर माणूस ठेवला ती एक वर्ष आणि एक दिवस उघडायची नाही. इथल्या उन्हात तेवढ्या अवधीत सगळं आटोपतं. मग जे उरेल ते मागच्या फटीतून खाली खड्ड्यात सारायचं, की फळी पुढच्याला मोकळी. थिओफिलमामा आणि फिलोमेनमामी एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मिठाचं भांडं हवं असलं तरी मध्ये मला बसवायचे. आता खड्ड्यात दोघं असे मिसळलेत की कोणाचं कोपर कोणाचं, ते बिशपलाही सांगता यायचं नाही. म्हणून म्हणते, फळीवरून एवढं मनाला लावून घेऊ नये. फळी म्हणजे बाहेरची बैठक. शेवटी सगळे आतल्या घरात. आणि तिथे एखादं माणूस जास्त झालं म्हणून कोणाला दाटी होणार आहे? हे आपलं मी सर्वसाधारण बोलते आहे.

खाण्याचं सांगते. शुक्रवारी तुम्ही उतराल तेव्हा तांदळाची गोड भजी आणि कॉफी, ते नुसतं तोंडाला. मग कोळंबी. मग थोडं मागचं-पुढचं. शनिवारी गंबोचं कालवण, त्याचं पीठ मी शुक्रवारीच भाजून ठेवीन. मार्डी ग्राचा मोसम आहे तेव्हा राजांचा केक रोज असेलच. रविवारी जहाजावर न्यायला भरल्या भोपळी मिरच्या करून देते.

मिस्टर फझांड यांना खोकला आहे. डॉक्टर म्हणाले, साठ वर्षांची चुन्याची धूळ छातीत बसली आहे, ती आता निघायची नाही. ते म्हणाले, "निघायला नकोच, तिच्यावर तर उभा आहे." असे आहेत. त्यांना माणूस असं कोणी नाही. एक बहीण होती, ती मोठ्या वादळाच्या वर्षी गेली. हे मी काही मनात ठेवून सांगत नाही, विषय निघाला म्हणून सांगितलं.

कबरस्तानचं ऑफिस फक्त सोमवारी आणि शुक्रवारी उघडतं, दहा ते बारा. तिथल्या बॉर्दलॉबाई तुझ्या शाळेतल्या. तुला भेटून त्यांना आनंद होईल.

वाट पाहते,
क्लोटिल्ड


जहाजावर, मेक्सिकोच्या वाटेवर
१८ फेब्रुवारी

प्रिय क्लोटिल्डताई,

हे पत्र उद्या बंदरात टाकीन. तिथलं पोस्ट कसं आहे देव जाणे, पण तुझ्यासमोर हे बोलणं मला जमलं नसतं. तुझ्यासमोर बोलायला तोंड रिकामं असावं लागतं.

इथे अकरा ठिकाणी खायला मिळतं आणि मी तीन दिवस नुसता चहा पिते आहे. हॅराल्ड मात्र शूर आहे. धक्क्यावरच्या शिपायाने सांगितलं, घरचं शिजवलेलं आत नेता येणार नाही. तर त्याने रांगेत उभ्या उभ्या तुझ्या चार मिरच्या संपवल्या आणि पाचवी त्या शिपायाला दिली. शिपायाने तुझा पत्ता विचारून घेतलाय.

आता ऐक. तुझ्याकडच्या दोन दिवसांत तू मला अकरा वेळा म्हणालीस, "ऑरे, एक बोलायचं होतं." मी अकरा वेळा म्हटलं, "बोल." आणि अकरा वेळा तू म्हणालीस, "आधी ते संपव." शुक्रवारी पावणेबाराला तू टोपी घालून उभी राहिलीस, "चल, जरा एका ठिकाणी जाऊन येऊ." तेव्हा हॅराल्ड कोळंबी खाऊन कोचावर आडवा झाला होता आणि मला बुटाची नाडी बांधायला वाकता येत नव्हतं. तू घड्याळाकडे बघितलंस, टोपी काढलीस आणि केक कापलास.

मग शनिवार. तू आम्हाला कबरीवर नेलंस. मिस्टर फझांड तिपाईवर उभे राहून चुन्याचा हात देत होते. आत्ता, फेब्रुवारीत! संतांचा दिवस नोव्हेंबरात असतो आणि सफेदी त्याच्या आधी होते, एवढं मी बर्फात राहूनही विसरलेले नाही. अवेळी सफेदी म्हणजे घरातलं कोणीतरी निघायच्या बेतात आहे. त्यांनी टोपी काढून मला म्हटलं, "तुमच्या आईंच्या विटा अजून एक हललेली नाही." मी रडले ते त्यासाठी नाही. तू त्यांच्या पाठीकडे बघत पुटपुटलीस, "आता फार दिवस नाहीत गं." तुला वाटलं मी ऐकलं नाही. मी ऐकलं.

ताई, काय झालंय ते विचारत नाही. तुला सांगवत नाही, तर नको सांगूस. मी तीन दिवस कठड्याला टेकून समुद्राकडे बघत विचार केला. खालची फळी तू घे. मी उत्तरेला निघून आले आणि आईला शेवटची नऊ वर्षं तू न्हाऊ-माखू घातलंस. तिच्या शेजारी पडायचा हक्क तुझा. मी वरच्या फळीवर येईन. तीही रिकामी नसली तर भिंतीतल्या भाड्याच्या कोनाड्यात वर्ष आणि एक दिवस काढीन. हॅराल्डला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मेल्यावरही आपण भाड्याने राहायचं?" पण नंतर तो बराच वेळ माझा हात धरून बसला होता. इतका वेळ त्याने शेवटचा माझा हात धरला तो बर्फावर.

रविवारी येतोच आहोत. सोमवारी सकाळी दहाला ऑफिसात जाऊ आणि फळी तुझ्या नावावर करू. तेवढ्या वेळापुरतं काही वाढू नकोस.

तुझी,
ऑरे


न्यू ऑर्लिन्स
२५ फेब्रुवारी

प्रिय ऑरेली,

सुखरूप पोचलात ना? गुडघा विमानात आखडला नाही ना? हॅराल्डरावांच्या यंत्राला त्या तपासणीच्या कमानीने काही केलं नाही ना?

ह्या धुक्याला काय म्हणावं! फेब्रुवारीत नदीवर धुकं उतरणार हे इथल्या मांजरालाही माहीत आहे. जहाज कंपनीला तेवढं कोणी सांगितलं नाही. रविवारी सकाळी सातपासून मी आणि मिस्टर फझांड धक्क्यावर उभे. नदी दिसत नाही, पलीकडचा काठ दिसत नाही, नुसते भोंगे. कोणीतरी सांगितलं की तुमचं जहाज नदीच्या मुखाशी, शंभर मैल खाली, थांबवून ठेवलंय, वाटाडे आत आणायला तयार नाहीत. मिस्टर फझांड म्हणाले, "थांबू या. धुकं काही कायमचं राहायला आलेलं नाही." दुपारी दोनपर्यंत थांबलो. खोकला होता तरी.

सोमवारी दुपारी दोनला तुम्ही उतरलात, पाचचं विमान. आपण धक्क्यावर दहा मिनिटं भेटलो, त्यातली सात हॅराल्डरावांच्या बॅगा मोजण्यात गेली. तू म्हणालीस, "ताई, ऑफिस?" मी म्हटलं, "बाराला बंद झालं." तू माझा चेहरा दोन्ही हातांत धरलास आणि मी तुझ्या हातात घेवड्याचा डबा दिला. मला तेवढंच सुचलं. तू कशी बघत होतीस माझ्याकडे! जसं काही मीच बोटीवर चढून कुठे चालले होते.

आता सरळ लिहिते. लिहिताना समोर तुझी ताटली नाही म्हणून जमतंय.

मिस्टर फझांड यांना आपल्या कबरीत जागा हवी आहे. म्हणजे मला हवी आहे त्यांच्यासाठी. घराण्याबाहेरचं माणूस असेल तर हयात वारसांच्या सह्या लागतात, आणि वारस म्हणजे तू आणि मी, बाकीचे सगळे आतच आहेत. तीस वर्षं त्यांनी दर संतांच्या दिवसाआधी आपली कबर पांढरी केली. सोमवारच्या जेवणाशिवाय त्याबद्दल काही घेतलं नाही. फेब्रुवारीत सफेदी मीच करवून घेतली, तू त्यांचा हात बघावास म्हणून. आता डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. कोणी नसलेल्या माणसाला हे शहर कुठल्या कोपऱ्यात नेऊन ठेवतं ते तुला माहीत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करणाऱ्या माणसाला शेवटी ओबडधोबड जागा मिळावी, हे मला बघवत नाही. फळ्या दोन आणि माणसं चार होतात, हे मला कळतं. मी शेवटी थांबेन. भिंतीतल्या कोनाड्यात वर्ष काढायची माझी तयारी आहे.

हा शेजारधर्म आहे. बाकी काही मनात आणू नकोस.

कागद सोबत जोडला आहे. नोटरीसमोर सही करायची.

तुझी,
क्लोटिल्ड


डुलुथ
४ मार्च

क्लोटिल्डताई,

सही केली. इथल्या वाचनालयात मंगळवारी नोटरी बसतो. कागद वाचून म्हणाला, "तुम्ही एका परक्या पुरुषाला तुमच्या आईच्या डोक्यावर जागा देता आहात, हे समजून-उमजून करता आहात ना?" मी म्हटलं, "शिक्का मार."

म्हणजे तू मरत नाहीस! तुला एवढं विचारायला दीड महिना, पाच पत्रं आणि मेक्सिकोच्या आखाताला एक फेरी लागली? शुक्रवारी भज्यांच्या आधी म्हणाली असतीस, तर भज्यांच्या आधी सही झाली असती. मी आठ दिवस जहाजावर तुझं सुतक पाळलं. आठ दिवस! अकरा ठिकाणचं अन्न सोडून! हॅराल्ड म्हणतो, कंपनीकडून माझ्या वाटचे पैसे परत मागावेत.

मेक्सिकोतून टाकलेलं एक पत्र तुला येईल. न वाचता चुलीत घाल. खालची फळी माझीच आहे.

हॅराल्डचं म्हणणं, मला इथेच ठेवा. इथेही हिवाळ्यात गेलेल्या माणसाला जमीन मऊ होईपर्यंत थांबवून ठेवतात, एप्रिल-मेपर्यंत. वाट बघणं कुठे चुकत नाही. पण मला वाटतं तो येईल. मी जिथे असते तिथे तो कुरकुरत येतोच.

आणि शेजारधर्म म्हणे! ताई, माझा शेजारी स्वेन चाळीस वर्षं शेजारी आहे. तो मेला तर मी बटाट्याची खीर नेऊन देईन. माझ्या आईच्या खड्ड्यात त्याची हाडं मी मिसळू देणार नाही. ज्या माणसाबरोबर तुला जगाच्या अंतापर्यंत मिसळायचंय त्याला 'मिस्टर फझांड' म्हणणं आता तरी सोड. कागदावर त्याचं नाव ऑक्टेव्ह आहे.

एक सांग. हे सगळं तू ऑक्टेव्हभाऊजींना विचारलं आहेस ना?

ऑरे


न्यू ऑर्लिन्स
२३ मार्च

प्रिय ऑरे,

आज कोणाच्याही तब्येतीचं विचारत नाही. कारण आता तुला कळलंय मी का विचारायचे, आणि हॅराल्डरावांना ते आधीच कळलं होतं. सगळे धडधाकट राहा.

मेक्सिकोचं पत्र परवा आलं. पाकिटावर 'न वाचता जाळ' असं तू लिहिलं नव्हतंस, म्हणून वाचलं. तीनदा वाचलं. त्यावर मी काही बोलणार नाही, नाहीतर मला उठून काहीतरी तळावं लागेल.

तू विचारलंस, त्याला विचारलं का. नव्हतं विचारलं. मला वाटलं, सही आधी हातात येऊ दे, मग सांगू. नकार यायचा आणि त्याला लागायचं. गेल्या सोमवारचं सांगते. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, म्हणून घेवड्यात सॉसेज नव्हतं. त्याची ताटली संपेपर्यंत थांबले आणि बॉर्दलॉबाईंचा शिक्का मारलेला कागद पुढे ठेवला. त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. सगळा कागद वाचला. मग उठला, रस्ता ओलांडून घरी गेला. मला वाटलं, संपलं. इतक्या वर्षांचा सोमवार गेला.

दहा मिनिटांनी परत आला. हातात एक जुना पिवळा कागद. त्यांच्या गिलावेकारांच्या मंडळाची स्वतःची कबर आहे, तू पाहिली असशील, फाटकाच्या डाव्या हाताला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. वीस कप्पे. तिसऱ्या रांगेतले दोन शेजारशेजारचे कप्पे त्याच्या नावावर, एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून. एकावर त्याचं नाव. दुसऱ्यावर माझं. आणि नावापुढे 'सभासदाशी नातं' म्हणून रकाना आहे, त्यात स्वच्छ अक्षरात 'पत्नी'.

मी म्हटलं, "हे काय आहे, मिस्टर फझांड?"

"मंडळाचा नियम आहे, क्लोटिल्डबाई. शेजारीण चालत नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. दर सोमवारी ठरवून यायचो. पण तुम्ही वाढत असायचात."

"सत्तावीस वर्षं?"

"तुमचा हात सढळ आहे," तो म्हणाला.

ऑरे, सत्तावीस वर्षं मी लग्नाची बाई आहे, आणि हे अख्ख्या मंडळाला माहीत होतं, मला सोडून! दर वर्षी सेंट जोसेफच्या जेवणाला तिथले म्हातारे उठून मला खुर्ची द्यायचे, 'वहिनी, इकडे बसा' म्हणायचे. मला वाटायचं, जुन्या वळणाची माणसं आहेत. एकदा त्यांच्या सेक्रेटरीने मला मिसेस फझांड म्हटलं. मी चांगलं दुरुस्त केलं त्याला. तो नुसता मान हलवत राहिला. काय समजला असेल! नवरा-बायकोचं बिनसलंय, असंच ना?

मी फार बोलले त्याला. म्हटलं, माझं लग्न लागलं आणि मला साधं जेवायलासुद्धा बोलावलं नाही. म्हटलं, माझ्या आईला काय सांगू, तिचा खड्डा सोडून मी तुमच्या पोळ्यात का निघाले? तो सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तिथला गिलावा मी स्वतः केलाय, आतून. तुमच्या कप्प्याला तीन हात दिले आहेत. माझ्याला दोनच." आणि खोकला. मी पाणी दिलं. मग मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. ऑरे, मी काही वाढलं नाही.

शुक्रवारी सकाळी बॉर्दलॉबाईंना विचारून आले. शिक्का बसला तो आता निघत नाही म्हणाल्या. म्हणजे ह्या माणसाला जिवंतपणी एक खोली आणि मेल्यावर दोन घरं. असू दे. पण खालची फळी तुझीच, आणि वरची हॅराल्डरावांना कुरकुरायला मोकळी. सावकाश या. माझी वाट बघू नका. मी फाटकापाशी असेन, डाव्या हाताला.

परत आले तर तो माझ्या पायरीवर बसला होता. धुतलेली कॉलर, दाढी गुळगुळीत. उठून टोपी काढली आणि म्हणाला, "क्लोटिल्डबाई, कागदावर आहे ते तोंडी करून टाकू या का?"

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

विचार काही करायचा नाही. काय सांगायचं ते मी त्या कागदावर माझं नाव वाचलं तेव्हाच ठरलंय. राणीच्या झग्यातून उरलेलं पांढरं रेशीम आहे, ते मापाने कापूनही ठेवलंय. पण त्याने सत्तावीस वर्षं घेतली, मला थोडे दिवस घेऊ दे की. आणि माझ्या बाजूचं माणूस म्हणून तूच उरली आहेस. तुझा होकार आल्याशिवाय मी हो म्हणणं बरं दिसायचं नाही. तो रोज सकाळी पायरीवर येऊन बसतो. मी खिडकीतून बघते, हात करते, आणि सांगते, डुलुथहून पत्र यायचंय.

तेव्हा हे मिळताक्षणी लिही. दोन ओळी चालतील, 'सगळे मजेत' एवढंच लिहिलंस तरी चालेल. पण उशीर करू नकोस, ऑरे. तो चौऱ्याऐंशीचा आहे आणि पायरी गार असते.

तुझी,
क्लोटिल्ड